साळुंक्या-पारव्यांवरच्या उवा मोजायच्या तर आधी शून्याचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सातारा जिल्ह्यात दहा जातींचे प्रत्येकी पाच पक्षी जाळ्यात धरायचे, चिमट्याने उवा वेचून सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायच्या आणि कोणत्या जातीच्या किती टक्के पक्ष्यांवर उवा आहेत ते लिहायचं. हे चालेल का? पावडर वापरली तर पक्षी मरतील का? आणि त्या उवा आपल्याला लागतात का?

उवा वेचणं जमेल, त्यात फार मोठं कसब नाही. खरी अडचण वेगळीच आहे. ज्या पक्ष्यावर तुम्हाला एकही ऊ मिळणार नाही, त्याच्यापुढे तुम्ही तक्त्यात ० लिहिणार. ते शून्य म्हणजे 'ऊ नाही' की 'आम्हाला दिसली नाही'? या कामातली बहुतेक आकडेवारी इथेच घसरते. म्हणून पद्धत निवडताना 'उवा कशा मिळतील' एवढंच बघून भागत नाही, 'माझं शून्य किती भरवशाचं' हेही बघावं लागतं.

तुम्हाला नक्की काय हवंय ते आधी ठरवा. या भागात कोणत्या पक्ष्यावर कोणत्या जातीच्या उवा आहेत एवढी यादी हवी असेल, तर थोडे पक्षी आणि बऱ्यापैकी शोध पुरतो, निसटलेल्या उवांनी फार बिघडत नाही. किती टक्के पक्ष्यांवर उवा आहेत हे सांगायचं असेल, तर प्रत्येक पक्षी सारख्याच कसोशीने तपासला पाहिजे. आणि एका पक्ष्यावर साधारण किती उवा असतात हे सांगायचं असेल, तर नुसत्या चिमट्याने काम होत नाही. तुमच्या आराखड्यात ही तिन्ही कामं एकात मिसळली आहेत.

प्रत्येक जातीचे पाच पक्षी हा आकडा तर लगेच सोडा. समजा एखाद्या जातीच्या दर दहातल्या एका पक्ष्यावर उवा आहेत. मग पाच पक्षी तपासून पाचही कोरे निघण्याची शक्यता ५९ टक्के, म्हणजे उवा असूनही 'नाहीत' असंच लिहायची पाळी जास्त वेळा येणार. तेच २९ पक्षी तपासले, तर निदान एक तरी उवांचा पक्षी हाती लागण्याची शक्यता ९५ टक्क्यांवर जाते. प्रमाण पाच टक्केच असेल तर ५९ पक्षी लागतात. दहा जाती सोडून दोन धरा, प्रत्येकी तीस. साळुंकी आणि पारवा ही जोडी चांगली आहे: दोन्ही मुबलक, अंगापिंडाने हाताळण्याजोगे, आणि दोघांवरच्या उवांचं राहणीमान इतकं वेगळं की तुलना करायला भरपूर मिळतं.

ते राहणीमान समजून घ्या, कारण शोधायचं कुठे ते त्यावरच ठरतं. पक्ष्यांवरच्या उवांचे ढोबळ दोन गट आहेत, अँब्लिसेरा आणि इस्क्नोसेरा. अँब्लिसेरा कातडीवर आणि पिसांच्या मुळाशी झपझप पळतात, काही रक्तही पितात, आणि पक्षी मेला की थोड्याच वेळात त्याला सोडून चालू लागतात. साळुंकीवरच्या मेनाकँथस आणि मिरसिडिया यातल्या. इस्क्नोसेरा पिसावर राहतात, पीसच खातात आणि जबड्यांनी पिसाला धरून बसतात. पक्षी मेला तरी त्या बऱ्याचदा तिथेच अडकलेल्या मिळतात. पारव्यावरच्या दोन नेहमीच्या जाती याच गटातल्या आहेत, पण बांधा आणि जागा निराळ्या. कोलंबिकोला कोलंबी लांब आणि सुतासारखी बारीक. पंखाच्या मोठ्या पिसाचे दोन तंतू जिथे शेजारी-शेजारी असतात त्या खाचेत ती आडवी पडून राहते, त्यामुळे पक्ष्याची चोच तिच्यावरून घसरून जाते. पंख उलटा करून उजेडासमोर धरला की या खाचांत काळसर रेघा दिसतात, आणि त्यातली एखादी रेघ सरकली की ती ऊ. कॅम्पॅन्युलोटिस कंपार मात्र बुटकी आणि रुंद, पोटापाठीच्या मऊ पिसांत खोल दडलेली. पंख बघून पहिली सापडते, दुसरी जवळजवळ सापडतच नाही. नुसते पंख तपासून 'या पारव्यावर उवा नाहीत' असं लिहिलेलं वाचलं की म्हणूनच शंका येते.

आता पद्धती. नुसत्या नजरेने तपासायचं असेल तर वेळ ठरवून तपासा: एक पंख, शेपटी, पाठ, पोट, मान-डोकं, प्रत्येक भागाला एक मिनिट, मोबाइलवर गजर लावून. पिसं उलट दिशेने फुंकून किंवा चिमट्याच्या टोकाने बाजूला करून बघायची. उवा दिसताहेत म्हणून जास्त वेळ रेंगाळायचं नाही आणि दिसत नाहीत म्हणून आटोपतं घ्यायचं नाही. हा मोह प्रत्येकाला होतो आणि त्यामुळेच उवांचे पक्षी आणखी उवांचे दिसतात. या पद्धतीने सगळ्या उवा कधीच मिळत नाहीत. मिळतो तो एक निर्देशांक, म्हणजे तुलनेपुरता आकडा, आणि तपासणारा एकच असेल तर तो कामाचा असतो. दोघं तपासणार असाल तर सुरुवातीचे काही पक्षी दोघांनी वेगवेगळे मोजा आणि फरक किती पडतो ते नोंदवून ठेवा.

तुमच्या कामाला मी पावडरची पद्धत सुचवेन. पावडर चोळून पिसं विस्कटायची आणि खाली पडलेल्या उवा गोळा करायच्या. यात पावडरीचं लेबल नीट वाचा. हवी ती पायरेथ्रिनची, म्हणजे शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून काढलेल्या कीटकनाशकाची. लेबलवर पायरेथ्रिन सुमारे ०.१ टक्का आणि त्याच्या जोडीला, त्याचा जोर वाढवणारं पिपरोनिल ब्युटॉक्साइड १ टक्का असं प्रमाण या कामात बरंच वापरलं गेलंय. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणाऱ्या काही पावडरींत प्रोपोक्सर किंवा कार्बारिल असतं, त्या पक्ष्याच्या अंगाला लावायच्या नाहीत. मॅलेथिऑनही नको. ही सगळी द्रव्यं पक्ष्यांच्या मज्जासंस्थेवर काम करतात आणि पक्षी ती आपल्यापेक्षा कमी सोसतात. पायरेथ्रिन पक्ष्यांना फारसं बाधत नाही, म्हणून 'पक्षी मरतील का' याचं उत्तर योग्य पावडरीपुरतं 'नाही' असं आहे. माशांना मात्र ते फार विषारी. ट्रे ओढ्यात किंवा तळ्यात धुवायचा नाही.

प्रत्यक्ष काम असं. बंद खोली किंवा निदान निवाऱ्याची जागा, पंखा बंद. वारा असेल तर त्या दिवशी पावडर काढूच नका, कारण उवांची पहिल्या अवस्थेतली पिल्लं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतात आणि झुळुकीसरशी उडून जातात. पांढरा एनॅमलचा ट्रे, त्यात गुळगुळीत पांढरा कागद, प्रत्येक पक्ष्याला नवा. पक्षी पाठीवर तळहातात, मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, छातीवर दाब अजिबात नाही. पक्षी छाती हलवूनच श्वास घेतो, छाती आवळली की तो गुदमरतो. साळुंकीला चहाचा सपाट चमचाभर पावडर पुरते, पारव्याला साधारण दुप्पट. रंगाच्या मऊ ब्रशने ती पिसांच्या मुळापर्यंत न्यायची. डोळे, नाकपुड्या आणि चोच सोडायची. पाच मिनिटं थांबायचं, पक्षी ट्रेच्या वरच धरून, कारण काही उवा आपोआप गळायला लागतात. मग एक मिनिट सगळी पिसं बोटांनी उलट दिशेने विस्कटायची, पंख आणि शेपटीची पिसं एकेक करून बोटांच्या चिमटीतून हलकेच सरकवायची, उपटायची नाहीत. पडलेलं सगळं एका डबीत. परत एक मिनिट, दुसऱ्या डबीत. असं किती वेळा करायचं याचा नियम सोपा आहे: शेवटच्या फेरीत मिळालेल्या उवा तोपर्यंतच्या एकूण उवांच्या पाच टक्क्यांहून कमी झाल्या की थांबा. समजा पहिल्या फेरीत २२, दुसऱ्या फेरीत ९, तिसऱ्या फेरीत ३ मिळाल्या. ३४ पैकी ३ म्हणजे जवळजवळ नऊ टक्के, अजून एक फेरी हवी. चौथ्या फेरीत १ मिळाली, ३५ पैकी एक, तीन टक्क्यांच्या आत, झालं. ट्रेवरच नुसत्या डोळ्यांनी मोजून हा हिशेब करायचा, पक्की मोजणी नंतर सूक्ष्मदर्शकाखाली.

या पद्धतीचं एक दुबळं अंग आहे: डोकं. डोळ्यांजवळ पावडर लावत नसल्यामुळे डोक्यावरच्या उवा खाली कमी पडतात. त्यासाठी डोकं आणि गळा चिमट्याने वेगळा तपासा, पावडर लावण्याआधी, आणि त्या उवा वेगळ्या डबीत ठेवा. डोक्यावरच्या पिसांच्या बुडाशी चिकटलेल्या लिखांकडेही लक्ष द्या. पक्ष्याला स्वतःच्या चोचीने डोकं साफ करता येत नाही, पायानेच खाजवावं लागतं, म्हणून लिखांना तिथे आसरा मिळतो. शहरातल्या पारव्यांच्या बोटांना दोरा किंवा केस गुंडाळून बोटं झडलेली दिसतात. अशा पक्ष्याची नोंद वेगळी करा, त्याच्या डोक्यावरच्या उवांचा आकडा इतरांच्या पंक्तीत बसवू नका.

एकूण वेळ पक्षी हातात आल्यापासून सुटेपर्यंत वीस मिनिटांच्या आत. चोच उघडी टाकून धापा टाकायला लागला, डोळे मिटायला लागला, तर मोजणी अर्धवट सोडून पक्षी सोडा आणि तक्त्यात 'अपूर्ण' लिहा. उन्हाळ्यात नऊ-साडेनऊनंतर जाळी गुंडाळून ठेवा.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती गोष्ट: एका पक्ष्याच्या उवा दुसऱ्याच्या नावावर जाणं. पक्षी ठेवायला कापडी पिशव्या वापरतात. एकाच पिशवीत सकाळी साळुंकी आणि दुपारी बुलबुल ठेवला की साळुंकीची ऊ बुलबुलाच्या यादीत जाते आणि तुम्ही उत्साहात 'नवीन यजमान', म्हणजे त्या उवेचा नवा आश्रयदाता पक्षी, म्हणून नोंद करता. एका पक्ष्याला एकच पिशवी, दिवसातून एकदाच. किराण्याच्या दुकानातली कोरी कागदी पिशवी त्याहून बरी, वापरून फाडायची, पण फाडण्याआधी आत बघायचं, कारण पळणाऱ्या उवा पिशवीच्या तळाशीच मिळतात. त्या त्याच पक्ष्याच्या खात्यात मोजा. ट्रे, ब्रश आणि हात दर पक्ष्यानंतर अल्कोहोलने पुसा. तरीही एखाद्या पक्ष्यावर परक्या जातीची एखादीच ऊ निघाली तर तिच्यावर इमारत उभी करू नका. घारीवर पारव्याची ऊ मिळू शकते, कारण घार पारवा खाते. एकाच जातीच्या अनेक पक्ष्यांवर, वेगवेगळ्या दिवशी, स्वतःच्या पिल्लांसकट तीच ऊ मिळाली तरच ती तिथली रहिवासी. उलट, मेनाकँथस युरिस्टर्नस नावाची ऊ शंभरावर जातींच्या पक्ष्यांवर नोंदलेली आहे, म्हणून ती दोन जातींवर मिळाली की लगेच पिशवीला दोष देऊ नका.

उवा सहसा अंगाला अंग लागूनच पसरतात, आईबापांकडून पिल्लांकडे. म्हणूनच कोकीळकुळाचं प्रकरण मजेशीर आहे. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं, पण कोकिळेच्या उवा कावळ्याच्या नाहीत, तिच्या स्वतःच्या आहेत. त्या बहुधा पुढे नर-मादी एकत्र येतात तेव्हा मिळतात. पारव्यांवरच्या उवांना आणखी एक वाट आहे. पारव्यांच्या अंगावर चपटी, चिवट अशी एक माशी असते, तिच्या पायाला धरून कोलंबिकोला एका पारव्यावरून दुसऱ्यावर जाते. ती माशी मिळाली तर तीही जपून ठेवा, आधी तिचे पाय तपासून.

जाळी लावायची परवानगी वेळेत मिळाली नाही तर मेलेल्या पक्ष्यांवर चांगलं काम होतं, आणि तिथे मोजणी जास्त अचूक असते. बचाव केंद्रांत संक्रांतीच्या सुमाराला मांजाने कापलेल्या घारी, पारवे आणि घुबडं येतात. पक्षी मेल्याबरोबर झिपच्या पिशवीत घालून तोंड बंद करायचं, नाहीतर अँब्लिसेरा निघून जातात. उणे वीस अंशांत दोन-तीन दिवस ठेवून उवा मरू द्यायच्या. नंतर बरणीत पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे काही थेंब घालून पक्षी दहा मिनिटं जोरात हलवायचा, पाणी शंभर मायक्रॉनच्या नायलॉन कापडातून गाळायचं, आणि पुन्हा नव्या पाण्यात तेच. थांबायचा नियम वरचाच, पाच टक्क्यांचा. पिशवी आतून धुवून ते पाणीही गाळा. याची एक मर्यादा आहे: आजारी किंवा बरेच दिवस पिंजऱ्यात पडून राहिलेला पक्षी पिसं साफ करत नाही, त्याच्यावर उवा वाढतात. मांज्याने त्याच दिवशी मेलेला आणि तीन आठवडे उपचारात असलेला, हे दोघं एका रकान्यात नकोत.

एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेलेले आढळले तर मात्र हात लावू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात कोंबड्या बर्ड फ्लूने मेल्या होत्या. गोठवल्याने उवा मरतात, विषाणू मरत नाही.

आकडे परिस्थितीवर किती अवलंबून असतात तेही बघा. पिसांवरच्या उवा पाणी पीत नाहीत, हवेतली आर्द्रता शोषून भागवतात. कोरड्या हवेत त्या तग धरत नाहीत. कोरड्या प्रदेशातल्या पक्ष्यांवर त्या कमी मिळतात हे पारवे-होल्यांवरच्या अभ्यासात दिसलेलं आहे. साताऱ्यात ही संधी आयती आहे: महाबळेश्वर-जावळीचा ओला पट्टा आणि माण-खटावचा कोरडा भाग एकाच जिल्ह्यात. पण मग दोन्हीकडची मोजणी एकाच महिन्यात व्हायला हवी. जावळीत ऑगस्टमध्ये आणि माणमध्ये एप्रिलमध्ये मोजून तुलना केली, तर फरक जागेचा की ऋतूचा ते कुणालाच सांगता येणार नाही. पिसं झडण्याचा हंगाम, पक्ष्याचं वय आणि चोचीची अवस्था प्रत्येक पक्ष्यासाठी लिहा. वरच्या चोचीचं पुढे आलेलं टोक उवांना चिरडायला लागतं. ते तुटलेलं असलं की अंगावर उवा कितीतरी पट वाढतात.

हिशेबात 'सरासरी' या शब्दापासून सावध राहा. उवा सगळ्या पक्ष्यांत सारख्या वाटलेल्या नसतात. समजा ३० साळुंक्यांपैकी १२ वर उवा मिळाल्या, एकूण १८०. पण त्यातल्या एकीवर १३६ आणि उरलेल्या अकरांवर मिळून ४४. सगळ्या तीस पक्ष्यांवरची सरासरी ६. फक्त उवा असलेल्या पक्ष्यांवरची सरासरी १५. ती एक साळुंकी वगळली तर तीच सरासरी ४. पंधराचा आकडा एकाही खऱ्या पक्ष्याचं वर्णन करत नाही. म्हणून टक्केवारी, दोन्ही सरासऱ्या, मध्यक आणि कमाल असं सगळं द्या, आणि टक्केवारीबरोबर विश्वासमर्यादा, म्हणजे खरं प्रमाण बहुधा ज्या दोन आकड्यांच्या मध्ये असेल ते, द्या: ३० पैकी १२ म्हणजे ४० टक्के, पण मर्यादा साधारण २३ ते ५९. हे बघितल्यावर पाच पक्ष्यांची टक्केवारी लिहायला हात धजणार नाही. क्वांटिटेटिव्ह पॅरासिटॉलॉजी नावाची मोफत संगणकीय प्रणाली खास याच हिशेबांसाठी आहे. शून्यं तक्त्यात ० म्हणून लिहा, न तपासलेल्या भागापुढे आडवी रेघ. रिकामा रकाना ठेवला की सहा महिन्यांनी तो कोणता होता ते आठवत नाही.

सत्तर टक्के अल्कोहोल स्लाइड करायला ठीक आहे. पुढे कधी डीएनए करायची थोडीही शक्यता असेल तर निम्म्या उवा ९५ टक्क्यांत ठेवा, थंड जागी. फॉर्मालिन नको. एका बाटलीत एकाच पक्ष्याच्या उवा आणि कागदाची चिठ्ठी बाटलीच्या आत, शिसपेन्सिलीने लिहिलेली. बाहेर चिकटवलेलं बॉलपेनचं लेबल अल्कोहोलचा एक थेंब सांडला की पुसतं. स्लाइडसाठी ऊ १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये साधारण एक दिवस, पोटाला आधी बारीक टाचणीने भोक पाडून, नाहीतर आतला काळपटपणा निघत नाही. मग पाणी, त्यात ॲसेटिक ॲसिडचे एक-दोन थेंब, पुढे चढत्या क्रमाने अल्कोहोल, लवंगेचं तेल आणि शेवटी ऊ स्लाइडवर कायमची बसवायला कॅनडा बाल्सम हा पारदर्शक राळेचा द्रव. निर्जलीकरणात घाई केली की बाल्सम दुधाळ होतो. नर, मादी आणि पिल्लं वेगवेगळी मोजा. पिल्लं आहेत याचा अर्थ उवा त्या पक्ष्यावरच वाढताहेत. काही नमुने आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात जमा करायचं आधीच विचारून ठेवा.

परवानगीचं थोडक्यात: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दात पकडणं आणि सापळा लावणंही येतं. संशोधनासाठी कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, अर्ज नागपूरला जातो. सोबत कॉलेजचं पत्र, जागा, जाती, संख्या आणि पद्धत हे सगळं स्पष्ट लिहा. वेळ लागतो, म्हणून अर्ज आज करा आणि तोवर मेलेल्या पक्ष्यांवर धुण्याची पद्धत हातात बसवा, अर्थात ते ताब्यात ठेवण्यासाठीही वनविभागाला विचारूनच. धुक्याची जाळी, म्हणजे पक्ष्याला दिसू नये इतकी बारीक मिस्ट नेट, लावायची तर रिंगिंगचं, म्हणजे पक्ष्याच्या पायात ओळखीची कडी घालण्याचं, प्रशिक्षण घेतलेला माणूस बरोबर हवाच. जाळ्यातून पक्षी सोडवणं व्हिडिओ बघून येत नाही. पावडर लावलेल्या पक्ष्याला कडी घातलेली असेल तर तो पुन्हा सापडला तेव्हा ओळखता येतो. त्याच्यावरच्या उवा तुम्हीच मारलेल्या असतात, त्यामुळे दुसऱ्यांदा तो मोजायचा नाही.

राहिलं उवा लागायचं. पक्ष्यांच्या उवा माणसावर टिकत नाहीत. हातावर, बाहीवर चढतील, गुदगुल्या होतील, आणि पीस व पक्ष्याची ऊब नसल्यामुळे मरतील. पारव्यांच्या घरट्यांजवळ काम करून घरी गेल्यावर अंगाला खाज सुटते, पुरळ येतं, ते बहुधा कोळ्यांच्या वर्गातल्या माइट्स या बारीक जिवांमुळे. त्यांना सहाऐवजी आठ पाय असतात आणि त्या खरोखर चावतात. पूर्ण बाह्यांचा फिका शर्ट, हातमोजे आणि मास्क वापरा, कपडे त्याच दिवशी गरम पाण्यात टाका. मास्क उवांसाठी नाही, पावडर आणि पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ नाकात जाऊ नये म्हणून.